आज रात्री टँगो कुठे आहे? एका यादीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

धाकट्या बहिणीचा मुलगा तेलाच्या जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. आज समुद्रातून त्याचा फोन. "मावशी, तू दिवसभर एक्सेलमध्येच असतेस ना? मग मला एक यादी करून दे. बंदराला लागलो की आज रात्री टँगो कुठे आहे, एवढं त्यात दिसलं पाहिजे. तेही नेट नसताना."

टँगोचं खूळ घरात त्यानेच आणलं. परीक्षेसाठी मुंबईत राहिला होता तेव्हा शिकला, सुटीत नाशिकला आला आणि हॉलमधला टीपॉय भिंतीला लावून मला चालायला शिकवायला लागला. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची. म्हटलं, चालता येतं रे मला. येत नव्हतं. वजन एका पायावर पूर्ण टाकून मगच दुसरा पाय उचलायचा, हे आयुष्यात कधी केलेलंच नव्हतं. आता गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये आम्ही सात जण दर रविवारी संध्याकाळी जमतो. महिन्यातून एकदा मुंबईहून शिक्षिका येतात, बाकीचे रविवार आमचे आम्ही धडपडतो.

यादी करते म्हणाले. वाटलं, दोन रविवारांचं काम.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर बसले. 'टँगो' एवढाच शब्द टाकला तर पहिल्यांदा व्हिडिओ कॉलचं एक ॲप हात धुऊन मागे लागलं. ते बाजूला केलं तर नाचाचे तीन वेगवेगळे टँगो एकाच पोत्यात.

एक बॉलरूम स्पर्धेतला. ताठ मान, झटके, इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकात साचा ठरवून दिलेला. दुसरा आमचा, म्हणजे रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन काठांवरचा, ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओचा. यात आधी बसवलेलं काही नाही, एकाने छातीतून सुचवायचं आणि दुसऱ्याने ते ऐकायचं. युनेस्कोने २००९ साली अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या नावावर एकत्र नोंदवला तो हा. तिसरा फिनलंडचा. तिथल्या सेयनायोकी गावात १९८५पासून उन्हाळ्यात टँगोची जत्रा भरते, पण तिथे सगळा जीव गाण्यात, आणि नाचायची पद्धतही निराळी. आमच्यासारखं शिकलेला माणूस तिथे गेला तर नवख्यासारखाच उभा राहील.

पहिला रकाना ठरला: कोणता टँगो.

२ फेब्रुवारी, रविवार

आज गाडी अडली ती 'मिलोंगा' या शब्दावर. मिलोंगा म्हणजे नाचाची बैठक. मिलोंगा म्हणजे ती बैठक भरते ती जागा. आणि मिलोंगा म्हणजे टँगोपेक्षा चपळ असा एक संगीतप्रकारही. आपल्याकडे 'तमाशा' जसा खेळही असतो, फडही असतो आणि शेजारच्या घरातला गोंधळही असतो, तसंच.

माझ्या यादीत मी प्रत्येक मिलोंगाला एक पत्ता देत होते. मग सालोन कॅनिंग आलं. ब्युनोस आयर्सच्या पालेर्मो भागात, स्कालाब्रिनी ऑर्तिस रस्त्यावर १३३१ नंबर, लाकडी फरशीसाठी नावाजलेलं. पण तिथे एका वाराला एक मंडळी, दुसऱ्या वाराला दुसरी, नावं वेगळी, गर्दी वेगळी, वयंही वेगळी. उलट काही मिलोंगा आपलं नाव आणि माणसं घेऊन एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये बिऱ्हाड हलवतात. म्हणजे पत्ता हे टँगोचं नाव नव्हे. आठवडी बाजारासारखं आहे, गाव तेच राहतं पण बाजार वारावर भरतो.

सगळं मोडलं. आता दोन तक्ते: 'जागा' आणि 'बैठका'. जागेला पत्ता आणि फरशी. बैठकीला वार, वेळ, भरवणारे, आणि तिथे आधी शिकवतात का. हा शेवटचा रकाना भाच्यासाठी महत्त्वाचा. ब्युनोस आयर्समध्ये पुष्कळ ठिकाणी आधी तास-दीड तास वर्ग असतो आणि मग तीच माणसं मिलोंगाला थांबतात. एकट्याने गेलेल्या माणसाला वर्गात चार चेहरे ओळखीचे होतात.

१६ फेब्रुवारी

द्राक्षाचा सीझन. कंटेनर, रेसिड्यूचे रिपोर्ट, रात्री नऊला घरी. यादीला हात नाही.

पण ऑफिसात बसल्या बसल्या एक सुचलं. युरोपला द्राक्षं पाठवायची तर ग्रेपनेट या निर्यातीच्या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी लागते आणि ती दर सीझनला नव्याने करावी लागते. मागच्या वर्षी बाग होती म्हणून यंदाही आहे, असं कोणी धरून चालत नाही. वेलीवर काय आहे ते कोणीतरी जाऊन बघायचं. मग मिलोंगाची नोंद आयुष्यभर खरी कशी धरायची? प्रत्येक ओळीला 'शेवटची खात्री' हा रकाना टाकला. एक वर्ष उलटलं की ओळ आपोआप करडी.

२३ फेब्रुवारी

'शनिवार, रात्री ११ ते ४.' यातले चार वाजले कुठल्या वारी? संगणकाच्या मते रविवारी. नाचणाऱ्यांच्या मते शनिवारीच. एका ठिकाणी 'रविवार, रात्री साडेबारा' असं लिहिलेलं सापडलं, आणि तो खरा शनिवार की खरा रविवार हे कळायला मार्ग नव्हता.

सुटका पंचांगाने केली. आपल्याकडे वार मध्यरात्री बदलतच नाही, सूर्योदयाला बदलतो. पहाटे चारला जन्मलेल्या मुलाचा वार आजीला विचारा, ती आदला सांगेल. तोच नियम लावला: स्थानिक सकाळी सहापर्यंत आदलाच वार. एका ओळीचं सूत्र, चौदा चुका गेल्या. ब्युनोस आयर्सची माणसं पंचांगाप्रमाणे नाचतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नसावं.

ब्युनोस आयर्स आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. तिथे शनिवारी रात्री अकराला दिवे मंद होतात तेव्हा नाशिकमध्ये रविवारी सकाळचे साडेसात. मी मिसळीच्या रांगेत उभी असते.

१९ मार्च

रंगपंचमी. रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारून आलेले दोघे रविवारपर्यंत पिवळेच राहणार. काम शून्य.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गुढी उभारली आणि आजच युरोपने घड्याळं तासभर पुढे केली. मी युरोपच्या सगळ्या वेळा भारतीय वेळेत बदलून ठेवल्या होत्या, भाच्याला सोपं जाईल म्हणून. त्या सगळ्या एका रात्रीत खोट्या. तुर्कस्तानने २०१६पासून घड्याळं हलवणं सोडलंय, त्यामुळे इस्तंबूल तेवढं वाचलं. ते बारा महिने आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

वेळ स्थानिकच ठेवायची. नाचणारा तिथेच असणार आहे, नाशिकमध्ये बसून नाचणार नाहीये. इतकी साधी गोष्ट कळायला पाडवा उजाडावा लागला.

२३ एप्रिल, बुधवार

चूक माझी, आणि ती तिकडे जगाच्या पाठीवर भोगली गेली.

जहाज सॅन लोरेन्सोला लागलंय. ते अर्जेंटिनात पाराना नदीकाठी, रोसारिओच्या थोडं वर. आपल्या कढईतलं सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणात याच पट्ट्यातून निघतं आणि कांडला वगैरे बंदरांत उतरतं. भाच्याला काल, मंगळवारी, खाली उतरायला मिळालं. यादी म्हणाली, मंगळवारी रोसारिओत काही नाही. तो जेवून परत आला. आज त्याला गावातला एक जण म्हणाला, काल होती की मिलोंगा.

शोधलं. स्पॅनिशमध्ये मंगळवार म्हणजे 'मार्तेस' आणि मार्च महिना म्हणजे 'मार्सो'. दोन्ही आखडून लिहिले की 'मार'. माझ्या सूत्राने 'मार' दिसलं की महिना धरला. म्हणजे तीन गावांतल्या मंगळवारच्या बैठका यादीच्या मते फक्त मार्चमध्ये भरत होत्या. एप्रिल लागला तशी सूत्राने त्या झाकून टाकल्या.

सगळे वार हाताने तपासले. रात्रीचे दोन. नवरा झोपेत म्हणाला, "सोमवार मिळाला का?" मिळाला, तो 'लुनेस'. त्याचा घोळ नाही.

दुसरी गोष्ट लक्षात आली. ब्युनोस आयर्सची यादी कोणीही देईल. तेलाचं जहाज ब्युनोस आयर्सला थांबतंच असं नाही, रोसारिओ तिथून तीनेकशे किलोमीटर. ज्याला रात्री सहा तासांची सुटी आहे आणि त्यातले दोन येण्याजाण्यात जातात, त्याच्या नकाशात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरची गावंच मोठी असतात.

२७ एप्रिल, रविवार

आज सराव सोडून सगळ्यांनी भाच्याचा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. गुरुवारी त्याला पुन्हा उतरायला मिळालं आणि तो पोचला. सारांश नोंदवून ठेवते, कारण हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आत गेल्यावर बाईंनी टेबल दाखवलं. मिलोंगात गाणी गटाने लागतात, त्याला तांदा म्हणतात. टँगोची बहुधा चार, व्हाल्स (टँगोतला वॉल्ट्झ) किंवा मिलोंगाची तीन, आणि एका तांद्यात एकाच वाद्यवृंदाची. मग अर्धा-एक मिनिट भलतंच काही वाजतं, ती कोर्तीना, म्हणजे पडदा. पडद्यात सगळे खाली बसतात आणि जोड्या मोडतात. नवा तांदा लागला तसे भाचेबुवा उठले आणि थेट एका बाईंसमोर जाऊन हात पुढे केला. बाईंनी हसून मान दुसरीकडे वळवली.

शेजारच्या आजोबांनी मग खुणेने शिकवलं. जागेवर बसून बघायचं, ती मिरादा. समोरच्याने नजर धरून ठेवली तर मान किंचित हलवायची, तो काबेसेओ. तिने होकार दिला तरच उठायचं, आणि आपण तिच्या टेबलापाशी पोचेपर्यंत ती उठत नाही. नको असेल तर नजर फक्त पुढे सरकते. कोणी विचारलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही, चारचौघांत कोणाचा पोपट झाला नाही. (कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांत ही सोय असती तर किती पोहे वाचले असते.)

पुढच्या तांद्यात एका काकूंनी होकार दिला. पहिलं गाणं छान झालं. गाणं संपल्यावर पोराने आपल्या संस्काराप्रमाणे म्हटलं, "ग्रासिआस." धन्यवाद. काकू क्षणभर थबकल्या, "ग्रासिआस" म्हणाल्या आणि जाऊन बसल्या. तीन गाणी शिल्लक होती! तांद्याच्या मधे धन्यवाद म्हणजे 'पुरे झालं'. आभार मानायचे ते तांदा संपल्यावर. त्याला वाटलं आपण सभ्यपणा केला, आणि अख्ख्या हॉलने बघितलं की परदेशी पोराने आमच्या काकूंना एका गाण्यात परत पाठवलं. आजोबांनी कपाळाला हात लावला तो मेसेजमध्येही ऐकू येतो, निदान आम्हाला तसं वाटलं.

शेवटी काकूंनीच दया दाखवली, डी सार्लीच्या वाद्यवृंदाच्या तांद्याला. ती चार गाणी कशी गेली हे त्याने सांगितलं नाही, नुसता "मावशी..." म्हणून थांबला.

यादीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत: मधेच ग्रासिआस म्हणू नये.

११ मे

पैशांचा रकाना काढून टाकला. अर्जेंटिनात २०२३च्या अखेरीला वर्षाची महागाई २११ टक्के होती. पेसोमधला प्रवेशाचा आकडा लिहून होईपर्यंत शिळा. त्याऐवजी तीनच खुणा: तिकीट, फुकट, टोपी. टोपी म्हणजे 'आ ला गोर्रा', टोपी फिरते आणि ज्याने त्याने जमेल ते टाकायचं. बारांकास दे बेलग्रानो बागेतल्या ग्लोरिएतावर, म्हणजे बँडवाल्यांसाठी बांधलेल्या गोल चौथऱ्यावर, असाच उघड्यावर टँगो चालतो. कीर्तनात ताट फिरतं तसं.

१८ मे

यादीचं काम नाही, बुटांचं. पण फरशीच्या रकान्याशी संबंध आहे म्हणून लिहिते.

आमच्या हॉलला कोटा फरशी आहे. रबरी तळव्याचे बूट तिच्यावर धरून बसतात. टँगोत पाय जागच्या जागी फिरवायचा असतो, तळवा फिरला नाही तर तो पीळ गुडघ्यात जातो. दोन महिने गुडघ्याला तेल चोळल्यावर कळलं की दोष वयाचा नाही, रबराचा आहे.

शालिमारजवळ फुटपाथवर बसणाऱ्या काकांकडे सँडल घेऊन गेले. रबर काढा आणि चामडं लावा म्हटलं, खरखरीत बाजू खाली. काकांनी सँडल उलटसुलट करून बघितली. "ताई, उलटं लागेल ते. गुळगुळीत बाजू बाहेर असते." म्हटलं, मला उलटंच हवंय. "घसराल." घसरायचंच आहे, पण बेताने. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी तिथेच, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, पुढच्या चवड्यावर वजन घेऊन एक ओचो करून दाखवला, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं पायाने फिरणं. काका म्हणाले, "अच्छा, फुगडीचं आहे होय." आणि रापी उचलली. रापीने रबराची कड सोडवली, जुनं सोल्यूशन खरवडलं, चामड्याचा तुकडा पायावर ठेवून कापला, लावला, आणि मांडीवर दाबून धरून चहा प्यायले. तेवढाच वेळ लागतो म्हणे चिकटायला.

संध्याकाळी फिरले. पाय फिरला, गुडघा गप्प. तासाभराने तळवा धुळीने भरून गुळगुळीत झाला आणि खरंच घसरले. चामड्याची लव पुन्हा उभी करायला तारेचा ब्रश लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला, गंज काढायचा. आता तो पर्समध्ये असतो.

'जागा' तक्त्यात फरशीचे प्रकार: लाकूड, दगड, टाइल, सिमेंट, उघडं. ब्युनोस आयर्सच्या विला उर्किसा भागातल्या सुंदरलँड क्लबात बास्केटबॉलच्या मैदानावर टेबलं मांडून नाचतात, आणि तिथल्या चालण्याची टँगोवाले शपथ घेतात. लाकूडच हवं, असं काही नाही.

२४ जून

टँगोचा गायक कार्लोस गार्देल १९३५ साली आजच्या तारखेला मेदेयीनला विमान अपघातात गेला. नव्वद वर्षं झाली.

आमच्यातले सर (गणिताचे निवृत्त शिक्षक, भजनी मंडळात पेटी वाजवतात) सरावाची गाणी लावायचं काम बघतात. पहिल्यांदा बान्दोनेऑन, म्हणजे टँगोतलं भात्याचं वाद्य, ऐकलं तेव्हाच म्हणाले होते, "ही पेटीच आहे. फक्त हिला काहीतरी झालंय." चुकीचं नाही ते. दोन्हींत धातूच्या पट्ट्या हवेने थरथरतात. बान्दोनेऑनही जर्मनीतून आलं, पेटी युरोपातून आपल्याकडे आली तसंच, आणि दोन्ही जिथे गेली तिथलीच झाली. पण त्याच्या ७१ बटणांतलं जवळपास प्रत्येक बटण भाता उघडताना एक सूर देतं आणि मिटताना दुसरा, एकूण १४२. सर दोन दिवस त्याच हिशोबात होते. "म्हणजे एक सप्तक शिकायला दोनदा शिकायचं?"

गंमत अशी की सरांना नाचता फारसं येत नाही, पण तांदे ते अचूक लावतात. दारिएन्सो, डी सार्ली, त्रोइलो, पुग्लिएसे, ही चार मोठी नावं. एका तांद्यात एकच वाद्यवृंद, शक्यतो एकाच गायकाबरोबरचा, एकाच काळातला. एखाद्याने मधे वेगळं घातलं तर त्यांना खयालात ठुमरी घुसल्यासारखं होतं.

१३ जुलै

यादीतून वर मान काढली की प्रश्न पडतो, हे लोण एवढं पसरलं कसं? १९१३च्या सुमारास पॅरिस टँगोने वेडं झालं आणि तिथून युरोपभर. १९२०च्या दशकात मेगाता नावाचा एक जपानी सरदार पॅरिसमध्ये शिकून गेला आणि त्याने टोकियोत शिकवायला सुरुवात केली. मग अर्जेंटिनातच १९५५नंतर उतरती कळा. १९८३ साली पुन्हा पॅरिस, 'टँगो आर्जेंतिनो' हा रंगमंचीय प्रयोग, १९८५ला तो ब्रॉडवेवर, आणि बघणाऱ्यांना शिकावंसं वाटलं. माझ्या युरोपच्या ओळींमध्ये जुनी मंडळी सापडतात ती बरीचशी या लाटेनंतरची.

आपल्याकडे मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली, आणि पुद्दुचेरीजवळचं ऑरोव्हिल. नाशिककराला सगळ्यात जवळची मुंबई, पण परतीची पंचवटी एक्सप्रेस संध्याकाळी सुटते आणि मिलोंगा तिच्यानंतर सुरू होते. म्हणजे मुक्काम आला. रात्रीच्या बसने आलो तर पहाटे नाशिकच्या द्वारका चौकात उतरून रिक्षावाल्याशी वाद. हेही 'कसं जायचं' मध्ये लिहिलं.

१० ऑगस्ट, रविवार

गणपती सतरा दिवसांवर. हॉलच्या शेजारच्या मैदानात ढोल पथकाची तालीम सुरू. साठ ढोल असतील. डी सार्ली पहिल्या मिनिटात बुडाला. पुग्लिएसेच्या शांत जागा तर कुठे गेल्या पत्ताच नाही. ठेक्याचा राजा म्हणतात तो दारिएन्सो तेवढा थोडा वेळ टिकला. सर म्हणाले, ही तासाभराची कोर्तीना समजा, आणि सगळे बाहेर जाऊन ढोल बघत उभे राहिलो. आमच्यातल्या एकीचा मुलगा ताशावर होता.

तिकडे ब्युनोस आयर्समध्ये या महिन्यात जागतिक स्पर्धा असते, २००३पासून. यादीत टाकली नाही. बघायची गोष्ट आहे, आणि भाच्याचा प्रश्न 'आज रात्री कुठे नाचू' असा आहे. महोत्सवांचंही तेच. मॅरेथॉन आणि एन्क्वेंत्रो म्हणजे आधी नाव नोंदवून जायच्या बैठका, तिथे नेणारे (नाचात सुचवणारे) आणि जाणारे (ते ऐकणारे) सारखे असावेत म्हणून मोजून प्रवेश देतात. जहाजावरच्या माणसाला सहा महिने आधी नाव नोंदवता येत नाही. वेगळा तक्ता, नंतर कधीतरी.

१४ सप्टेंबर

'शेवटची खात्री' पुरेशी नाही हे कळलं. खात्री कोणी केली आणि कशी?

उदाहरण ब्युनोस आयर्सच्या कोन्फितेरिया इदेअलचं. १९१२ची देखणी कॉफीची जागा, वर नाचायची. २०१६ साली दुरुस्तीसाठी बंद झाली, २०२२ला पुन्हा उघडली. पण बंद होण्याआधीचं वेळापत्रक अजून एका यादीतून दुसरीत उतरतंय, आणि उतरवणारा प्रत्येक जण त्यावर आपली ताजी तारीख टाकतो. तारीख नवी, माल जुना. द्राक्षाच्या पेटीवर नवं लेबल चिकटवल्यासारखं.

म्हणून चौथी दुरुस्ती: तीन दर्जे. 'गेलेलं', 'विचारलेलं', 'वाचलेलं'. 'गेलेलं' म्हणजे आपल्यापैकी कोणीतरी त्या दारातून आत गेलं. यादीत आज १४० ओळी, त्यातल्या 'गेलेलं' एकोणीस. नऊ महिन्यांचं काम आणि एकोणीस. आधी वाईट वाटलं. मग त्या एकोणीस वर घेतल्या आणि बाकीच्या दुमडून ठेवल्या, तर यादी पहिल्यांदा वापरण्यासारखी दिसली.

५ ऑक्टोबर

भूमिकेचा रकाना. आमच्याकडे पाच बायका आणि दोन पुरुष, त्यामुळे तिघी जणी नेणाऱ्या म्हणूनही शिकतोय. हौसेने नव्हे, नाइलाजाने सुरू झालं, आता सुटत नाही. जगात बऱ्याच ठिकाणी हे सरळ चालतं. हँबुर्गला २००१पासून क्वीअर टँगोचा महोत्सव सुरू झाला, तिथे कोणी न्यायचं आणि कोणी जायचं हे कपड्यांवरून ठरत नाही. पण काही जुन्या वळणाच्या मिलोंगांत अजून पुरुष एका बाजूला आणि बायका समोर बसतात, आणि जोडीने आत आलात तर दुसरं कोणी तुम्हाला विचारतच नाही. माझ्यासारखीला आधी कळलेलं बरं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी संपली, युरोपची घड्याळं मागे आली. या खेपेला माझी एकही ओळ हलली नाही. फराळाचा शेवटचा चिवडा त्या आनंदात संपवला.

उघड्यावरच्या बैठकांना 'ऋतू' जोडला. पॅरिसला सीनच्या काठी, के सँ-बर्नारला, पायऱ्यापायऱ्यांचे अर्धगोल आहेत, तिथे उन्हाळ्याच्या संध्याकाळी नाच चालतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात शेक्सपिअरच्या पुतळ्यापाशी, तेही उन्हाळ्यात, शनिवारी. ब्युनोस आयर्सचा उन्हाळा मात्र डिसेंबर ते फेब्रुवारी. पायऱ्या आणि नदी तर आमच्याकडेही आहे, पण गोदाघाटावर असं काही करायचं तर आधी परवानगी, मग बघे, मग भेळवाला. आणि दगड फार खडबडीत, सगळी लव एका संध्याकाळी जाईल.

२३ नोव्हेंबर

सर म्हणाले, "यादीत नाशिक कुठे आहे?"

नव्हतं. अकरा महिने जगभरची गावं भरली आणि आपलंच नाही. भरायला बसले आणि प्रत्येक रकान्याशी अडले. वार: रविवार. वेळ: सहा ते साडेआठ. वर्ग: महिन्यातून एकदा, तारीख शिक्षिकेच्या सोयीने. मिलोंगा की सराव? सराव, म्हणजे प्राक्तिका. मधे थांबून बोललेलं चालतं, चुकलेलं चालतं. काबेसेओ? सात जणांत कोण कोणाकडे बघणार. टोपी: भाडं सात जणांत वाटून.

पत्ता लिहिला आणि संध्याकाळी हॉलच्या मामांनी सांगितलं की लग्नसराई सुरू झाली, पुढचे तीन रविवार हॉल नाही. मागच्या वर्षीही हेच झालं होतं, मी विसरले होते. नव्या ओळीवर आजची तारीख टाकून चार तास झाले नव्हते.

१४ डिसेंबर, रविवार

तीन आठवडे आमच्या सोसायटीच्या गच्चीवर. टाइल, वर पत्र्याची शेड, थंडी, स्वेटर घालून. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्या रविवारी तक्रार केली, दुसऱ्या रविवारी खुर्ची घेऊन वर आल्या. सरांनी आज शेवटी 'ला कुम्परसिता' लावलं. मिलोंगा संपताना तेच लावायचा रिवाज आहे. माँटेव्हिडिओच्या एका विद्यार्थ्याने केलेली चाल ती, शंभरएक वर्षांपूर्वीची.

भाचा कांडल्याला उतरून परवा घरी आला. आजच्या सरावाला होता. जहाजावर वापरून वापरून मऊ पडलेली यादीची प्रत त्याने परत दिली. समासात पेनाने बारा दुरुस्त्या, दोन ठिकाणी तेलाचे डाग. रोसारिओच्या ओळीपुढे लिहिलंय, 'काकू गुरुवारी असतात.' याला रकाना नाही. 'शेरा' असा एक काढला.

नाशिकची ओळ दुरुस्त केली. वार: रविवार. जागा: लग्नाच्या तारखा बघून हॉल किंवा गच्ची. फरशी: कोटा किंवा टाइल, दोन्हीकडे धूळ. दर्जा: गेलेलं. शेरा: ब्रश आमच्याकडे आहे, स्वेटर आपापला आणावा.